हजेरीचा ठोका

मी फळा. तोंड काळं असलं तरी कुळानं मी साग आहे, एवढं आधी ऐकून घ्या.

दोन फळ्या जोडून मला केलं. एक कुठली ते आठवत नाही. दुसरी शाळेतल्या लेर पॉ या मुलीच्या आजीच्या घरची. आमच्याकडं घरं उंच खांबांवर; शिडी चढून आलं की पहिला पाय पडायचा ती. गावात शाळा बांधताना प्रत्येक घरानं काहीतरी द्यायचं ठरलं, तेव्हा म्हातारीनं ही फळी उचकटून दिली आणि पुढं वर्षभर ऐकवलं. जुन्या बॅटऱ्या फोडून, आतली काळी भुकटी पेजेत कालवून मला रंगवलं.

शिकवायला सेर वा बाई. मागं कोण हसलं हे त्यांना न वळता कळायचं.

मग बॉम्ब टाकणारी विमानं येऊ लागली. त्या दिवशी मुलं वेळेत चरात उतरली म्हणून वाचली. शाळेचं छप्पर गेलं, संध्याकाळपर्यंत गावही गेलं. लोकांनी तांदूळ, हंड्या, कोंबड्या उचलल्या. बाईंनी कपाळाला पट्टा लावून मला पाठीवर घेतलं. तीन दिवसांच्या वाटेत मी एकदा ओढ्यावरचा साकव झालो आणि एकदा जखमी माणसाची डोली. तक्रार नाही.

नदीकाठच्या बांबूत, ताडपत्रीखाली पुन्हा शाळा भरली. बाई रोज सकाळी माझ्यावर सगळ्यात वर जुन्या गावाचं नाव लिहायच्या आणि मग दचकून पुसायच्या. मुलं एकमेकांकडे बघायची.

लेर पॉ मात्र येईना. नऊ वर्षांची, पाढ्यांत सगळ्यांच्या पुढं. बाईंनी निरोपावर निरोप धाडले, तेव्हा एकदाची आजीच आली.

"पोरीचा क्ला मागं राहिलाय," म्हातारी म्हणाली. क्ला म्हणजे माणसाबरोबर चालणारा जीव. माणूस भ्यालं की तो वाटेत सुटतो. "जेवत नाही, बोलत नाही. तो येईतो मी तिला कुठंही धाडायची नाही. रिकाम्या मडक्याला काय शिकवणार तुम्ही?"

"मग बोलवा त्याला."

"कसा बोलवू? घराच्या शिडीवर ठोके द्यावे लागतात. इथं आहे शिडी? सगळे बेडकासारखे जमिनीवर."

बाई चर्चमध्ये वाढलेल्या. असल्या गोष्टींना त्या हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. माझ्यावरची बेरीज पुसून म्हणाल्या, "आजी, ही तुमच्याच घरची फळी."

म्हातारीनं माझ्यावर हात फिरवला. ओळखीची गाठ बोटाला लागली. "रंग फासून पार वाटोळं केलंत हो हिचं," ती म्हणाली. मला वाईट वाटलं, पण तिचे डोळे भरले होते म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या सकाळी ती नातीला आणि भाताचा लाकडी डाव घेऊन आली. माझ्या खालच्या कोपऱ्यावर ठोके देत म्हणाली, "प्र्र्र, क्ला, परत ये. लेर पॉ, रानात थांबू नकोस, चरात थांबू नकोस. भात शिजलाय. आलीस का?"

पोरीनं माझ्या कोपऱ्यावर तळवा टेकवला. मग म्हणाली, "आले."

आजीनं तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. माझा एक टवका उडाला. त्या दिवसापासून लेर पॉ पहिल्या रांगेत.

मग इतरांच्या आज्याही डाव घेऊन येऊ लागल्या. "अहो, मी गणित कधी शिकवू?" बाई वैतागल्या. शेवटी त्यांनी हजेरीच तशी करून टाकली. एक ठोका, एक नाव, "परत ये." मुलं म्हणायची, "आलो," "आले."

एका सकाळी बाईंनी पुन्हा जुन्या गावाचं नाव लिहून पुसलं. लेर पॉ उठली. "बाई, तुमचं नाव कुणी घेतलंच नाही."

"मी इथंच आहे की गं."

"आजी म्हणते, नाही."

तिनं डाव उचलला आणि कोपऱ्यावर ठोका दिला. "प्र्र्र, क्ला. सेर वा बाई, परत या. त्या शाळेत थांबू नका, तिथं आता कुणी नाही. आम्ही सगळे इकडं आलोय."

बाई माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा फक्त मला दिसत होता. तो मी सांगणार नाही. खडू हातातच मोडला. मग मागं न वळता त्या म्हणाल्या, "आले."

आता माझ्यावर वर नुसती तारीख असते. खालच्या कोपऱ्यावर रंग उरला नाही, तिथं खडू उमटत नाही. परवापासून विमानं पुन्हा ऐकू येतात. निघायची वेळ आली आणि मी जड झालो, तर खुशाल करवत लावा. तो कोपरा तेवढा बरोबर घ्या.