दोन एडिटर, एक कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे. दूर उत्तरेकडच्या, थंड समुद्राकाठच्या ओउलू शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या कपाटात, वायरींच्या गुंत्याखाली पडून असतो. माझी बरीच अक्षरं पुसली गेली आहेत. सर्वांत आधी झिजली ती कंट्रोल आणि एस्केप ही दोन बटणं.

मित्रांनो, माझ्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग आहे. दाबलं की 'टक्क' वाजतं. माझ्यावर सोइली आणि उर्पो आळीपाळीनं काम करत. समुद्रात बर्फ कधी धरेल, हे सांगणारा प्रोग्राम ते लिहीत होते. प्रोग्राम लिहायला एडिटर, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचं साधन लागतं. सोइलीचा ईमॅक्स, त्यात दोन-दोन बटणं एकदम दाबायची, म्हणून तिची करंगळी सदा कंट्रोलवर. उर्पोचा व्हिम, त्यात एका वेळी एकच बटण पुरतं, पण त्याला घडोघडी एस्केप हवं. खुर्ची बदलली की भांडण ठरलेलं.

"अरे, तुझ्या व्हिममधून बाहेर पडायला वाटाड्या लागतो!"

"आणि तुझ्या ईमॅक्समध्ये सगळं होतं गं, लिहिणं तेवढं राहून जातं!"

मग दोघं वेलचीचा गोड पाव अर्धा अर्धा करून कॉफीबरोबर खात. एकदा त्यांच्या अंदाजामुळे एक मासेमारी बोट बर्फात अडकण्याआधी किनाऱ्याला लागली. बोटीच्या मालकिणीनं धुरी दिलेला मासा आणला आणि कौतुकाच्या गडबडीत तो माझ्यावरच ठेवला. आठवडाभर मला वास येत होता. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा आठवडा तोच.

पुढे नवे प्रमुख आले. म्हणाले, "सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा. कोणता ते उर्पो, तुम्ही ठरवा."

उर्पोनं व्हिमचं नाव लिहून दिलं. सोइलीला विचारलंसुद्धा नाही.

"उर्पो, माझ्या हातांना वीस वर्षांची सवय आहे रे. मला माझा ईमॅक्स राहू दे."

"हट्ट पुरे झाला," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "आठवड्यात जमेल. नाही जमलं, तर तुला प्रोग्रामिंग कधी येतच नव्हतं म्हणायचं!"

त्याच्या लेखी ती थट्टा होती. कुणीतरी हसलं. सोइलीनं आपला कप धुतला, पुसला, पिशवीत ठेवला आणि ती गेली. तिनं दूरच्या तुर्कू शहरात नोकरी धरली.

अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. 'माझं चुकलं' हे शब्द उर्पोनं माझ्यावर कितीदा लिहिले आणि कितीदा पुसले, ते मलाच ठाऊक. अखेर एका एप्रिलमध्ये त्यानं ते ईमेलनं पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ते सोइलीच्या बहिणीचं, हेल्वीचं. उर्पो ते पुटपुटत वाचू लागला.

"सोइली फेब्रुवारीत गेली. शेवटची दोन वर्षं तिचा डावा हात चालत नव्हता. एका हातानं लिहिता यावं म्हणून तिनं तुमचा व्हिम शिकून घेतला. हसून म्हणायची, 'उर्पोला कळवू नका हं, डोक्यावर बसेल माझ्या.'"

उर्पो खुदकन हसला. मग त्यानं माझ्यावर कपाळ टेकलं. पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं धावत राहिली. त्यानं ती पुसली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला कपाटात ठेवलं. माझा राग नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटका, असं मी म्हणणार नाही. कोणतं साधन श्रेष्ठ, यावरून खुशाल भांडा. पण माफी लिहिलीत, तर ती त्याच दिवशी पाठवा. त्याला एक बटण पुरतं. मी कीबोर्ड आहे, मला माहीत आहे.