मधली बाई

डॉक्टरबाई मोटारसायकलीसकट झुडपात शिरल्या, तेव्हा उस्ताद "जरा डावीकडे घेतलंत तर बरं पडेल" या वाक्यातल्या 'बरं'पर्यंत पोचले होते. उरलेलं वाक्य त्यांनी झुडपाला उद्देशून पूर्ण केलं. वाक्य मध्येच सोडणं त्यांना बरं दिसलं नसतं.

"लागलं का कुठे?" त्यांनी अदबीने विचारलं.

"नाही," झुडपातून आवाज आला. "माझं नेमकं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही म्हणता येणार. झुडूपच जरा पुढे आलंय."

डॉक्टरबाईंनी हेल्मेटात घुसलेली फांदी उपसून काढली आणि झुडपाकडे पाहिलं. झुडूप होतं तिथेच होतं. सकाळपासून एक दगड असाच पुढे आला होता, एक खड्डा आपण होऊन रुंद झाला होता आणि वाळूने तर म्हणे आज मुद्दामच त्रास द्यायचं ठरवलं होतं. या माणसाच्या म्हणण्यानुसार बंद पडलेल्या त्या दगडखाणीतली एकूणएक वस्तू चुकत होती, फक्त डॉक्टरबाई तेवढ्या चुकत नव्हत्या. पडत मात्र त्याच होत्या.

डॉक्टरबाई गुराढोरांच्या डॉक्टर. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवरची निम्मी जनावरं त्यांच्या हातांनी जगात आली होती. तिकडे जाणारा जीपचा रस्ता दरड कोसळून खाली गेला आणि राहिली ती एक पायवाट, मध्ये ओढा, वर घसरडी चढण. रस्ता पुन्हा कधी होईल ते कोणी सांगेना. खात्याने एक मोटारसायकल देऊ केली आणि सोबत अट घातली: खात्याच्या तपासनिसासमोर ओढा पार करून दाखवायचा. जमलं तर डोंगर तुमचा. नाही जमलं तर डोंगर तरुण डॉक्टरांकडे, आणि तुम्ही औषधांच्या भांडारात. तरुण डॉक्टर हुशार होते, पण गाय शिंकली की दोन पावलं मागे सरायचे. भांडाराला खिडकीही नव्हती. डॉक्टरबाईंनी आयुष्यात कधी कशाची धास्ती घेतली नव्हती, ती आता त्या बिनखिडकीच्या खोलीची घेतली. डांबरी रस्त्यावरचा परवाना त्यांनी धडपडत मिळवला. पण डांबर वेगळं आणि दगडगोटे वेगळे.

तेव्हा लेकीनेच सुचवलं, "आमच्या बाबांकडून शीक की."

बाबा म्हणजे लेकीचे सासरे, डॉक्टरबाईंचे व्याही. जन्मभर त्यांनी वनखात्याच्या लोकांना रानावनात मोटारसायकल चालवायला शिकवली होती. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि माघारी तोफ. त्यांच्या तोंडाच्या पट्ट्याच्या गोष्टी डॉक्टरबाईंनी ऐकल्या होत्या. प्रत्यक्षात हा माणूस इतका मवाळ निघाला की त्या सगळ्या गोष्टी लोकांनी मनाने रचल्या असाव्यात, असंच त्यांना वाटू लागलं.

"उभं राहायला आपली हरकत नसेल," उस्ताद आता म्हणत होते, "तर खडबडीत जागी बुडावर... म्हणजे आसनावर न बसता, पायांवर उभं राहून चालवावी, असा एक विचार आहे."

"कोणाचा?"

"आहे काही लोकांचा."

तेवढ्यात खाणीच्या काठावरून एक वनरक्षक चालला होता. उस्तादांना पाहून तो दचकून ताठ उभा राहिला आणि ऐकत राहिला. डॉक्टरबाई उभ्या राहिल्या, डगमगल्या, धपकन बसल्या आणि मोटारसायकल हळूच आडवी झाली. उस्ताद म्हणाले, "छान. बसण्याची पद्धत सुरेख आहे."

वनरक्षक खाली उतरून आला. त्याने उस्तादांना निरखून पाहिलं.

"उस्ताद, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. का?"

"नाही, मी असा बसलो होतो तेव्हा झाडावरचे पक्षी उडाले होते."

"तू जा बरं तुझ्या कामाला," उस्ताद घाईने म्हणाले, आणि डॉक्टरबाईंकडे पाहून कसंनुसं हसले.

असे दिवस गेले. डॉक्टरबाईंच्या नडग्यांवर जांभळ्या खुणांची दाटी झाली. सायलेन्सरने पोटरीला चटका दिला. पडलेली गाडी पाठ लावून, पायांच्या जोरावर कशी उचलायची, हे तेवढं त्या अव्वल शिकल्या, कारण त्याचाच सराव सर्वांत जास्त झाला. पण खाणीलगतच्या ओढ्याशी सगळं अडत होतं. उतारावरून पाण्यात शिरायचं, गोट्यांवरून पलीकडे जायचं आणि चढ चढायचा, एवढंच. मधोमध म्हशीच्या पाठीसारखा एक काळा दगड होता. दोन्ही बाजूंनी ट्रक जाईल एवढी जागा सोडून डॉक्टरबाई दर वेळी नेमक्या त्या दगडावर जाऊन आदळत.

परीक्षा परवावर आली तेव्हाही तेच झालं. धडकेत क्लचची दांडी मोडली. उस्तादांनी खिशातून दुसरी काढून बसवली. त्यांच्याकडे आता दांड्यांचा साठाच असे.

"आपण त्या दगडाकडे न पाहता," ते म्हणाले, "थोडं पलीकडच्या काठाकडे लक्ष दिलंत, अर्थात सवड असेल तर..."

डॉक्टरबाई काठावर बसल्या आणि त्यांनी बुटातलं पाणी ओतलं. बुटातून एक छोटा मासाही निघाला. एरवी त्या हसल्या असत्या.

"राहू द्या उस्ताद," त्या म्हणाल्या. "तुम्ही खूप केलंत. मी भांडार घेते."

उस्तादांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्या गळ्याची शीर तटतटली, पण बाहेर आलं ते एवढंच: "जशी आपली मर्जी."

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते ओल्या हाताने पुसले, त्यामुळे काही कळून आलं नाही. मग त्या उठल्या. गाडी पलीकडे न्यायची तर होतीच, कारण घराची वाट पलीकडून होती. त्या चढल्या, उभ्या राहिल्या, उतारावर सुटल्या, आणि दगड दिसला. दगड दिसला की त्यांना दुसरं काही दिसतच नसे. चाक वळलं. दगड जवळ आला.

"अहो बाई, तो दगड काय तुमचा सोयरा लागतो? त्याला भेटायला निघालात? मान वर! खेकडे शोधताय का पाण्यात? वर बघा, वर, त्या काठाकडे! रेस सोडलीत तर याद राखा! कोपर सैल, हँडल धरलंय की कोणाचा गळा?"

खाणीकडची सगळी पाखरं एकदम उडाली. डॉक्टरबाईंची मान कोणी केस धरून उचलावी तशी वर गेली. पलीकडचा काठ दिसला. काय झालं ते त्यांना नीट कळलं नाही. चाकांखाली गोटे खडखडले, पाणी दोन्हीकडे उडालं, आणि मग पाण्याचा आवाज मागे राहिला. त्या चढावर होत्या. दगड ओढ्यातच होता, एकटा.

त्यांनी गाडी उभी केली आणि वळून पाहिलं. अलीकडच्या काठावर उस्ताद दोन्ही हातांनी डोकं धरून मटकन बसले होते. डॉक्टरबाई पाण्यातून चालत परत आल्या.

"गेले मी," त्या म्हणाल्या. "पाहिलंत? पलीकडे गेले."

"दुसऱ्यांदा झालं हे माझ्याकडून," उस्ताद मान वर न करता म्हणाले. "आता सूनबाई मला घरातून काढणार."

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

उस्तादांनी सुस्कारा सोडला. "लग्नातला फोटो. मी फोटोसाठी चष्मा काढून खिशात ठेवला होता. मध्ये कोणीतरी बाई उभी दिसली. मला वाटलं फोटोवाल्याकडची कोणी. मी ओरडलो, ती मधली बाई कोण आहे, हलवा तिला, नवरी झाकली जातेय. चष्मा लावला तर तुम्ही. आणि तुम्ही तडक निघून गेलात. फोटो तुमच्याशिवाय निघाला. नवरीची आई नाही फोटोत. माझ्या दिवाणखान्यात लागलाय तो, रोज बघतो मी."

"मी निघून गेले हे खरं, पण..."

"गाडीत जाऊन बसलात. काच वर. सूनबाई बोलवायला आली तर तुम्ही हाताने गप्प केलंत तिला. तोंड हे एवढं लाल. त्या दिवसापासून मुलाने आणि सुनेने मला तंबी दिलीय. बाबा, आईसमोर आवाज चढवायचा नाही. तुमच्यासमोर नाही, मग हळूहळू घरातही नाही. तीन वर्षं झाली, जेवणात मीठ कमी आहे हेसुद्धा बोललेलो नाही मी."

 डॉक्टरबाईंच्या तोंडून खुदकन आवाज आला. त्यांनी तो दाबायचा प्रयत्न केला, तो दबला नाही.

"उस्ताद, तुम्ही ओरडलात ते मला ऐकूच आलं नाही. पदराआड कानाला फोन होता माझ्या. वरच्या वस्तीवर एक कालवड अडली होती, पहिलटकरीण, आणि वासराचे मागचे पाय आधी आलेले. गाडीत बसून मी सांगत होते, ओढ, थांब, आता ओढ. तोंड लाल होणार नाही तर काय?"

उस्तादांनी आ वासला. "वासरू?"

"जगलं. आता त्या वासराचीच कालवड झालीय, तीही गाभण आहे. याच महिन्यात व्यायची."

"मग हे लेकीला सांगितलं का नाहीत?"

"तिने विचारलंच नाही. मी समजले, तिच्या लक्षातच आलं नाही. आणि आपण होऊन काय सांगू, तुझ्या लग्नाच्या फोटोतून मी कालवडीसाठी उठून गेले? मला उंबरा चढू देईल ती?"

उस्ताद हसू लागले. आधी खांदे हलले, मग मिशा, मग सगळं अंग. तीन वर्षांचं साठलेलं हसू होतं, लवकर आवरेना.

"परीक्षा झाली की सांगते मी तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही तुमच्या पद्धतीने शिकवा. मला सौम्य लागू पडत नाही."

"बघा हं."

"बघते."

"मग बसलाय काय?" उस्ताद कडाडले. "उठा! गाडी काय पलीकडे वाट बघत बसणार तुमची? आणा इकडे!"

पुढच्या दीड दिवसात खाणीच्या आसपास एक पाखरू टिकलं नाही. डॉक्टरबाईंच्या उभं राहण्याची तुलना वाळत घातलेल्या रजईशी झाली, ब्रेक दाबण्याची भिंतीतला खिळा ठोकण्याशी. त्यांच्या नजरेविषयी तर नाही नाही ते बोललं गेलं. त्या एकदाही दगडावर आदळल्या नाहीत. परतताना उस्तादांच्या घरी टेकल्या तरी त्या गुणगुणत, हे लेकीच्या लक्षात आलं आणि तिला काळजी वाटली.

परीक्षेच्या दिवशी तपासनिसांनी बघ्यांना अडवायला दोरी बांधली आणि ते काठावर उभे राहिले. बारीक अंगाचे, गळ्यात शिटी असलेले गृहस्थ. "शिकवणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही," त्यांनी बजावलं. उस्ताद दोरीमागे ओठ घट्ट मिटून उभे राहिले. शेजारी लेक आणि जावई.

शिटी झाली. डॉक्टरबाई उतारावर सुटल्या, आणि काळा दगड दिसला. त्यांनी आवाजाची वाट पाहिली. आवाज येणार नव्हता. चाक वळू लागलं. दगडामागे ती बिनखिडकीची खोली दिसली.

"मान वर, बाई!" ओढ्यातून आरोळी आली. "तो दगड काय तुझा सोयरा लागतो? वर बघ, वर! रेस सोडलीस तर याद राख! कोपर सैल!"

तपासनिसांनी चमकून उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांचे ओठ मिटलेलेच होते, डोळे मात्र पाणावले होते. डॉक्टरबाई स्वतःला शिव्या घालत पाण्यातून गेल्या, चढ चढल्या, वळल्या, आणि तशाच शिव्या घालत परत आल्या.

"बाई," तपासनीस म्हणाले, "तुम्ही परीक्षा देत होतात की भांडत होतात?"

"दोन्ही."

"पास आहात. पण बोलणं जरा आवरा."

डॉक्टरबाईंनी हेल्मेट काढलं आणि कबूल केल्याप्रमाणे लेकीला सगळं सांगितलं. लेक ऐकत गेली तसतशा तिच्या भुवया वर चढत गेल्या.

"म्हणजे माझ्या लग्नाच्या फोटोत तू कालवडीमुळे नाहीस?"

"पहिलटकरीण होती गं."

"आणि मी बाबांना तीन वर्षं..." ती सासऱ्यांकडे वळली. तिचा चेहरा पडला होता. "बाबा, तुम्ही तरी बोलायचं."

"बोलू आता?" उस्ताद म्हणाले. "काल भाजीत मीठ नव्हतं. परवाही नव्हतं."

जावई इतका हसला की त्याला दोरी धरावी लागली. लेकही शेवटी हसली, पण आईकडे बघून नाही. मग तिने फर्मान सोडलं, फोटो आत्ताच्या आत्ता काढायचा, गाडीसोबत, आणि आई मध्ये. तपासनिसांच्या हातात फोन दिला गेला. उस्तादांनी या वेळी चष्मा काढला नाही. डॉक्टरबाई मध्ये उभ्या राहिल्या, केस नीट केले, आणि त्यांचा फोन वाजला.

"कधीपासून?" त्या म्हणाल्या. "पाय दिसतायत की तोंड? ओढू नकोस. हात लावू नकोस. मी येते." त्यांनी फोन खिशात टाकला आणि लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे मिटले.

"तीच ना?"

"तिची मुलगी," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि हेल्मेट चढवून गाडीवर बसल्या.

त्या दिवसाचा फोटो आता लग्नाच्या फोटोशेजारी लागला आहे. त्यात डावीकडे जावई, उजवीकडे लेक, कडेला थोडी धूळ, आणि मध्ये रिकामी जागा. उस्ताद फोटोकडे बघतच नाहीत. तोंड भलं मोठं उघडून ते डोंगराकडे ओरडत आहेत. मधली जागा कोणाची, असं पाहुण्याने विचारलं, तर लेक म्हणते, "आईची. दोन्ही फोटोंत." आणि मीठ पुढे सरकवते.