नवलची जागा

उमाकांत पाटील तळोद्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर नऊ वर्षं शिक्षक होता. घर खाली सपाटीवर, कोरीटला. सोमवारी सकाळी तो तळोद्याहून जीपने वर जायचा आणि शनिवारी दुपारी खाली यायचा.

त्या शनिवारी जीप पाड्यावर आली तेव्हाच भरलेली होती. पाड्यातलाच नवल वरच्या एका पाड्याहून तळोद्याला निघाला होता, तो आधीच आत बसला होता. त्याची मुलगी रविना उमाकांतच्या वर्गात तिसरीला होती. गुरुजी उभे आणि आपण बसलेले, हे त्याला जमणारं नव्हतं. तो लगेच उठला. "गुरुजी, इथं बसा."

उमाकांत "नको, नको" म्हणाला, पण एकदाच. मग तो बसला. नवल मागच्या पायरीवर, लोखंडी दांड्याला धरून उभा राहिला.

घाटातल्या एका वळणावर जीप कलंडली. मागे उभे असलेले तिघं दरीत गेले. त्यात नवल होता. उमाकांतचं डोकं पत्र्यावर आपटलं. त्याला शुद्ध आली ती सहा दिवसांनी, नंदुरबारच्या दवाखान्यात.

घरी सोडलं तेव्हा डिसेंबर होता. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, नजर जाईल तिथपर्यंत लाल जमीन. रिक्षावाल्याने तोंडाला रुमाल बांधला. उमाकांतची बायको सरलाबाई पदरात तोंड खुपसून खोकत होती. खोकता खोकता तिने विचारलं, "तुमले ठसका लागत नही का?"

उमाकांतने छाती भरून श्वास घेतला. काहीच नाही. डोळ्यांसमोर एवढी मिरची आणि नाकाला तिचा पत्ताही नाही. स्वप्नातली मिरची अशीच असते, त्याच्या मनात आलं.

डॉक्टरांनी समजावलं. डोक्याला मार लागला की वासाची नस दुखावते, वास जातो, त्याबरोबर चवही जाते. काहींची परत येते. उमाकांत मान डोलावत राहिला. पण घरी येताना तो विचार करत होता, हे तर मीही कुठेतरी वाचलेलं आहे. माझ्याच स्वप्नातला डॉक्टर मला याहून वेगळं काय सांगणार?

तो विचार तिथून हलला नाही. खाटेवर पडल्या पडल्या उमाकांतला सगळं जुळत गेलं. नवल उठला, पण आपण बसलोच नाही. आपण "नको" म्हणालो आणि मागे दांड्याला धरून उभे राहिलो. नवल आत सुखरूप आहे. जीप कलंडली आहे, आपण पडतो आहोत, आणि पडण्याच्या त्या एवढ्याशा वेळात दवाखाना, मिरची, कोरीटचं घर, सगळं दिसून जातं आहे. खाली पोचलो की संपेल.

त्याचे तळहात दुखायला लागले. दुपारी डोळा लागला की मुठी आपोआप आवळायच्या. सरलाबाई शेजारी बसून त्याचं एकेक बोट सोडवायची. "काय पकडी ऱ्हायनात इतलं घट्ट?" ती विचारायची. ज्या दांड्याला त्याने कधी हातही लावला नव्हता, त्याचा गारवा त्याच्या हातात असायचा.

एकदा जेवताना त्याने सांगून टाकलं. "सरला, तू खरी नही शे. हाई बठं सपन शे."

सरलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "मंग हाई भाकर कोनी थापी?" एवढंच म्हणून ती चुलीपाशी गेली. तिचं रडणं त्याला ऐकू येत होतं. तरी तो उठला नाही. स्वप्नातल्या माणसाची समजूत काय घालायची?

जानेवारीत एक दिवस तो कुणाला न सांगता निघाला. तळोद्याला जीप धरली आणि वर पाड्यावर गेला. नवलची बायको रमिलाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिची बोली पावरी. गुरुजींशी ती तुटक मराठीत बोलायची. तिने सूप खाली ठेवलं आणि त्याला पाणी दिलं.

"रमिलाबाई, रडू नका," उमाकांत म्हणाला. "नवल मेलेला नाही. मेलोय मी. किंवा मरतोय. हे सगळं मला दिसतंय तेवढंच आहे. मी जागा झालो की नवल घरी असेल."

तिने हातावरचा कोंडा झटकला. मग म्हणाली, "तुमचं स्वप्न आहे?"

"हो."

"मग मला कशाला रडवता त्यात?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"जागे व्हा," ती म्हणाली. "आत्ता. मी बसते इथं."

आणि ती खरंच बसली, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. उमाकांतने डोळे मिटले. होता नव्हता तेवढा जोर लावला. पडायचं आहे ते आत्ताच पडू दे, म्हणाला. कोंबड्या कोंड्यात पाय घासत होत्या. बाजूच्या घरात कुणीतरी खोकलं. त्याने डोळे उघडले.

रमिलाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती वाटेकडे बघत होती, जिथून नवल घरी यायचा. तिच्या तोंडावरची आशा बघून उमाकांत तिथून जवळजवळ पळालाच.

फेब्रुवारीत तो पुन्हा शाळेत रुजू झाला. शंका गेली नव्हती, पण मुलं बोलायची, भांडायची, पाढे चुकायची, आणि दिवस निघून जायचे. तळहात कमी दुखायला लागले. आपण बरे होतो आहोत असं त्याला वाटलं.

मग मार्चमधल्या एका सकाळी रविना पाटी दाखवायला आली आणि तिथेच उभी राहिली.

"काय गं?"

"गुरुजी, तुम्ही कधी उठणार?"

त्याला आधी कळलंच नाही.

"आई म्हणते, तुम्ही उठले की बाबा येणार. ती रोज विचारते, गुरुजी उठले का?"

उमाकांतने हातातला खडू खाली ठेवला. त्या दिवशी त्याने पुढचं काही शिकवलं नाही.

दुपारी नवलचा मोठा भाऊ दलसिंग शाळेत आला. गुरुजींनीच समजवावं म्हणून आला होता. पाड्याच्या रीतीप्रमाणे मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करायचा असतो. तो केल्याशिवाय त्याला पूर्वजांत जागा मिळत नाही, तो मधेच भटकत राहतो. बाकी दोघांचे दगड झाले होते. रमिलाबाई नवलचा करू देत नव्हती. "नवलचं ताट वाढून झाकून ठेवते, दोन महिने झाले. कुणी तिच्या डोक्यात घातलं काय माहीत," दलसिंग म्हणाला.

उमाकांत त्याच्याबरोबर निघाला. आपण जे बोलणार आहोत ते खरं आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण आपलं खोटं त्या घरात शिरून बसलं होतं, आणि ते काढायला दुसरं कुणी येणार नव्हतं.

रमिलाबाई त्याला बघून उभी राहिली. "उठले?" तिने विचारलं.

"मी झोपलेलोच नव्हतो," उमाकांत म्हणाला. "मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. नवल मेला, रमिलाबाई. तो आत बसला होता. मला बघून उठला, मला जागा दिली. मी एकदा नको म्हटलं आणि बसलो. तो माझ्या जागी मेला."

हे पाड्यात कुणालाच माहीत नव्हतं; जीपमधले बाकीचे वरच्या पाड्यांचे होते. दलसिंग भिंतीला टेकला.

"जागा त्याची होती?" रमिलाबाईने विचारलं.

"त्याची होती."

ती आत गेली. झाकलेलं ताट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. त्यातली भाकरी तिने मोडली आणि खायला लागली. सावकाश, एकेक घास, सगळं ताट संपेपर्यंत. उमाकांत समोर उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही.

आठवड्याने नवलचा दगड उभा राहिला. ढोल वाजला, पूर्वजांची नावं घेतली गेली. उमाकांत लांब, मोहाच्या झाडाखाली थांबला आणि संपल्यावर खाली निघून आला.

"खाले बदली मांगी ल्या," सरलाबाई आता दर शनिवारी म्हणते. त्याने अजून अर्ज केलेला नाही. तो तिला कारण सांगत नाही. रमिलाबाई वाटेत दिसली की थांबते, त्याच्याकडे सरळ बघते आणि मान फिरवून निघून जाते. तेवढ्या वेळात हे सगळं खरं आहे याबद्दल त्याला कसलीही शंका नसते. एरवी, वर्गात फळ्याकडे तोंड असताना, तो अजूनही मधेच थांबतो आणि पाठीमागे मुलं आहेत का ते वळून बघतो.