चढाची चाचणी

बॅटरीचे सेल पुन्हा नापास झाले, तेव्हा सगळं टेबलच उलथून टाकावं असं तिला वाटलं. सपाटीवर लागतो तेवढा करंट ओढला की हेच सेल शहाण्या बाळासारखे वागत. पण चढाचा, म्हणजे चाकांची खुर्ची माणसाला घेऊन चढणीला लागल्यावर लागतो तेवढा करंट ओढला, की व्होल्टेज भसकन खाली येई, तापमानाचा आकडा लाल होई आणि यंत्र चाचणी बंद करून मोकळं होई.

सेल तिच्या थोरल्या भावाचे होते, ते तपासायचं काम तिचं. विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्यांसाठी बॅटऱ्या बनवायचं त्याने डोक्यात घेतलं होतं, आणि पहिली खुर्ची आईची होती. पाय गेल्यापासून आई घरात अडकून पडली होती. दाराबाहेर लगेच चढ, वर रस्ता, पलीकडे तिची मैत्रीण. "मला हातगाडीसारखं कोणी ढकलायचं नाही. जाईन तर माझी मी जाईन," असं तिने बजावून ठेवलं होतं. रोज फोन करून विचारायची, "झाले का गं पास?" जणू नातवंडांचाच निकाल.

"तू सख्खी बहीण आहेस की सात जन्मांची वैरीण?" भाऊ चहा घेऊन आत आला. "जरा सांभाळून घे की."

"मी घेईन रे. चढ घेणार आहे का?" तिने नवे सेल जोडले आणि चिडूनच कप तोंडाला लावला.

या वेळी आकडा वर गेला, घुटमळला आणि लाल रेषेच्या खालीच थांबला. चाचणी शेवटपर्यंत चालली. पास! आनंदाने तिने भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि आईला फोन लावायला घेतला. तेवढ्यात कपाळावरचा घाम तिच्या डोळ्यांत उतरला. फॅन चालू असताना घाम कसला? तिने पाहिलं. टेबलफॅन तिच्याकडे पाठ करून सेलांना वारा घालत होता.

"तू फिरवलास?"

"तापत होते गं बिचारे."

"आणि सीटखालच्या बंद डब्यात? तिथे आपले मामा येणार आहेत पंखा घेऊन?"

भावाने तिचा रिकामा कप उचलला. "रोज विचारते गं ती. काय सांगू तिला?"

तिला त्याचा राग आला, सेलांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कारण क्षणभर तिलाही वाटलं होतं, राहू दे फॅन तसाच. तिने तो बंद केला आणि चाचणी पुन्हा लावली. सेल नापास झाले.

संध्याकाळी तिने आईला सगळं खरं सांगितलं, फॅनसकट. आईने उशाजवळचा रुमाल उचलला. मग म्हणाली, "ढकला मग."

बॅटरी नसली तरी खुर्ची भलतीच जड होती. चढाच्या मध्यावर दोघं भावंडं धापा टाकत थांबली, घामाने निथळत.

"हेही नापासच," आई म्हणाली. मग मागे वळली आणि हातातल्या रुमालाने दोघांना वारा घालू लागली.