वर्तुळाबाहेरचा षटकोन

कॉम्प्युटर विचारतो, षटकोन वर्तुळाच्या आत काढू की बाहेर? आत काढला तर त्याचे कोपरे वर्तुळाला टेकतात, बाहेर काढला तर बाजू. वर्तुळाचा आकडा तोच, पण बाहेरचा षटकोन चांगला मोठा होतो. उत्तर न देता नुसतं एंटर दाबलं, तर हा शहाणा मागचंच उत्तर धरून चालतो. मेघालीनं घाईत एंटर दाबलं होतं, आणि त्याआधी तिनं कुठलासा अष्टकोन बाहेरून काढला होता. चूक म्हणाल तर एवढीच.

धामणकर नाक्याजवळ केसरीनाथशेठच्या वर्कशॉपात लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, सुटे भाग बनत. पडघ्याहून येणाऱ्या मेघालीची ही पहिलीच नोकरी. ती ड्रॉइंग काढून खऱ्या मापाचा प्रिंट द्यायची. दौलतमामा तो कागद खळ लावून लोखंडी पट्टीवर चिकटवत, कोपऱ्यांवर पंच ठोकून खुणा करत, भोक पाडून कानशीनं साफ करत. काम होईपर्यंत कागदाच्या चिंध्या झालेल्या असत. आकडे वाचायच्या भानगडीत मामा कधी पडले नाहीत. "तुझी रेघ ती माझी रेघ," म्हणायचे. बावीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी नावं ठेवली नव्हती.

मंगळवारी राहनाळच्या गिऱ्हाइकाकडून चाळीसच्या चाळीस पट्ट्या परत आल्या. षटकोनी भोकात नट घट्ट बसायला हवा, तो आत गरगर फिरत होता. मेघालीला आपलं घाईतलं एंटर आठवलं. शेठ बाहेर गिऱ्हाइकाची समजूत घालत होते, तेवढ्यात तिनं फाइल उघडली, षटकोन आतून काढला आणि सेव्ह केला. जुनी प्रत होती, तीही पुसून टाकली. खोटं कशाला बोला, तिला फक्त स्वतःला वाचवायचं होतं. मामा तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

शेठ आत आले ते थेट तिच्या टेबलाशी. त्यांनी नवा प्रिंट काढायला लावला आणि त्यावर नट ठेवला. रेघेला रेघ जुळली.

"दौलत, इकडं ये. बघ!" शेठ कडाडले. "कागद बरोबर हाय न् तुझं भोक चार मिलिमीटर मोठं! उद्यापासून येऊ नको."

मामा नटाकडे बघत राहिले.

"शेठ, चूक माझी हाय," मेघाली म्हणाली. "ड्रॉइंग मी आत्ता बदललं."

"म्हाताऱ्याची दया आली काय?"

"खरंच सांगते."

"मग दाखव जुनं."

दाखवायला होतं काय? जुनी प्रत तिनंच पुसली होती. शेठ फोनकडे वळले.

मामा डबा घेऊन निघाले. ती रिक्षा स्टँडपर्यंत त्यांच्यामागे पळाली. "मामा, तुम्ही तरी ऐका. रेघच चुकली होती."

"न्हाय पोरी. नट कागदावर बसला, मी बघितला." ते अगदी मायेनं बोलत होते, आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटली. "चाळीस पट्ट्या कापल्या न् मला एकबी चुकलेली दिसली न्हाय. म्हंजे डोळंच गेलं माझं. तू माझ्यापायी नोकरी घालवू नको."

रिक्षा आली. ह्याच स्टँडवरून मामा रोज झपकन रिक्षात बसत. आज त्यांनी आधी हात पुढे करून दांडी चाचपली.