रखमीच्या बांधावरचा कॅन

मित्रांनो, मी एक जुना पांढरा कॅन आहे. माझ्यात कधी तेल नव्हते, दूध नव्हते. माझ्यात माणसाची लघवी साठवली गेली. नाक मुरडायचे तर आत्ताच मुरडा, मी सांगणारच.

२००३ च्या भातकापणीत शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला किन्हवलीकडच्या रखमीच्या हाती दिले. मुतखडा असेल म्हणून तिच्या पोटाचे स्कॅन केले होते. खडा नव्हताच. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, तिच्यात गाठ दिसली.

"दिसली ना, मंग कापून टाका," तिचा नवरा महिपत म्हणाला. "दिवाळीनंतरची तारीख घेतलीय मी."

"आधी तपासणी," बाई म्हणाल्या. "अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर नुसते लक्ष ठेवायचे. पण काही गाठी रक्तात रस सोडतात, मग रक्तदाब भडकतो. अशा गाठीला आधी औषध न देता सुरी लावली, तर टेबलावरच जीव जाऊ शकतो. हिला मधूनच धडधडते, घाम सुटतो?"

"सुटतो ना," महिपत हसला. "काम निघालं का सुटतो."

रखमीने मला उचलून काखेत मारले.

एक दिवस आणि एक रात्र, सगळी लघवी माझ्यात जमवायची होती. माझ्या तळाशी नमुना टिकवणारे आम्ल होते. पण बाहेरून आलेले भांडे राखेने घासल्याशिवाय आमच्याकडे घरात घेत नाहीत. रखमीची जाऊ भिमी हिने मला चकचकीत घासले. आम्ल गेले, नमुना वाया गेला.

"आता पुरे," महिपत म्हणाला. "सरळ ऑपरेशनच करू."

"नाय. मी पुन्ना भरनार."

बाईंनी पुन्हा आम्ल घातले. कापणी थांबणार नव्हती, म्हणून रखमी मला शेतावरच घेऊन गेली. बांधावरच्या करंजाच्या सावलीत, ओल्या गोणपाटात तिने मला ठेवले. कोपऱ्यात नाही, सगळ्यांसमोर. ती लोटा घेऊन आडोशाला जाई आणि येऊन माझ्यात ओती.

"काय गो रखमी, कामाचा कंटाळा आला? ताक आनलंस?" भिमी ओरडली. शेत हसले.

"हां. पितेस?"

मग शेत भिमीला हसले.

मी काठोकाठ भरलो नाही, पण एक थेंबही चुकला नाही. तपासणीत त्या रसाचा अंश भरमसाट निघाला. दिवाळीनंतरची तारीख रद्द झाली. रक्तदाब आवरेपर्यंत गोळ्या चालल्या, मगच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गाठ निघाली. रखमी चालत घरी आली.

महिपतने मला उकिरड्यावर फेकले. रखमीने उचलून आणले, तोंड कापले, अबोली लावली आणि ओट्यावर ठेवले. येणारा-जाणारा मला ओळखतो. ओळखू दे!

पुढच्या कापणीत ती भिमीच्या पुढे निघून गेली. मागे वळून म्हणाली, "कामाचा कंटाळा कुनाला गो आता?"

मित्रांनो, शरीर जे सांगते त्याची लाज धरू नका. लाजून अर्धा भरलेला कॅन खोटे बोलतो, आणि त्या खोट्यावर सुरी चालते. हसणाऱ्यांना हसू द्या. तुम्ही पूर्ण भरा.