ब्रुखाची आंघोळ

"मुडदा बोलत नसतो, ब्रुखा!"

"मग मुडद्याच्या नाकात पाणी ओतू नकोस! आधी डोकं, मग उजवी बाजू. किती वेळा सांगू?"

म्हातारी ब्रुखा स्वयंपाकघरातल्या बाकावर जुना झगा घालून आडवी पडली होती आणि शेजारीण मोत्र्या हातात पाण्याचा जग घेऊन उभी होती. ब्रुखाच्या शेवटच्या आंघोळीची तालीम चालली होती.

"अगं, पण मी गळ्यात क्रूस घालणारी. तुमच्यात हे चालतं का?"

"नाही चालत. रब्बी असते तर नाहीच म्हणाले असते. पण आता गावात मीच रब्बी आणि मीच मंडळी. मी म्हणते, चालतं."

एके काळी इथे ज्यूंची चाळीस घरं होती. शिंपी होते, खोगीरवाले होते, तेलाचा घाणा होता आणि एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन प्रार्थनाघरं होती. पण बाई कुठल्याही घरातली जावो, आंघोळ घालायला हाक ब्रुखालाच यायची. युद्धात ती दूर ताश्कंदला इस्पितळाचे कपडे धूत होती, म्हणून वाचली. बाकीच्यांना जर्मनांनी वीटभट्टीमागच्या घळीत नेऊन गोळ्या घातल्या. ती परतली तेव्हा लोक म्हणाले, आता इथे तुझं कोण आहे? "कबरस्तान आहे की," ती म्हणाली, आणि राहिली. तिथलं गवत ती एकटी काढत आली. हट्टी म्हणा, वेडी म्हणा, पण अशा एखाद्या बाईच्या जिवावरच गाव गाव म्हणून उरतं. आता तिला घोर होता तो एकच, आपल्याला कोण धुणार?

मोत्र्याने जग खाली ठेवला. "घळीतल्यांना कोणी घातली नाही ना गं आंघोळ?"

ब्रुखा उठून बसली. "मारले गेले त्यांना घालत नाहीत. त्यांचं रक्त त्यांच्यासोबतच जातं. माझी बहीणही तशीच गेली." ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. "नियमच आहे तसा. पण हात ऐकत नाहीत गं."

मोत्र्याला रडू फुटलं.

"रडतेस काय? बादली भर," ब्रुखा म्हणाली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. शहरातून भाचा आला. त्याला ना प्रार्थना येत होती, ना रीत. मोत्र्याने त्याला दाराबाहेर उभं केलं. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"तुम्ही आत्याच्या कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे बाळा. आमचं कुंपण एक होतं," मोत्र्या म्हणाली आणि रिकामी बादली उचलून घरी गेली.